हॉरर पंक : वेश भयाचा, चाल गोड
हॉरर पंक म्हणजे पंक रॉकच्या (मोजके स्वर, वेगवान ठेका आणि मुद्दाम खरखरीत ठेवलेली गिटार यांवर उभ्या संगीताच्या) साच्यात जुन्या भयपटांतील प्रेते, कवट्या आणि परग्रहवासी आणणारा प्रकार होय. १९७७ मध्ये न्यू जर्सीतील लोडाय येथे ग्लेन डँझिग यांनी स्थापन केलेल्या ‘मिसफिट्स’ या बँडने त्याला रूप दिले. या बँडची प्रसिद्ध कवटी ‘द क्रिमझन घोस्ट’ या १९४६ च्या चित्रपटमालिकेतून आलेली आहे.

हे संगीत सैतानपूजेचे असते, असा समज सर्रास आढळतो; परंतु हिंगोलीच्या दसऱ्यातील रामलीलेत रावण साकारणारा नट जसा रावणाचा उपासक ठरत नाही, तसे येथील भयही घेतलेले सोंगच असते. खरे आकर्षण वेशापेक्षा चालीत आहे, आणि तिकडेच लक्ष कमी जाते. ‘मिसफिट्स’च्या १९८२ मधील ‘वॉक अमंग अस’ या संग्रहातील १३ गाणी २५ मिनिटांच्या आत संपतात. त्यांत गिटारीच्या खरखरीवर १९५० च्या दशकातील रॉक अँड रोलची गोड, सहज गुणगुणता येणारी चाल तरंगत राहते, आणि ‘वो-ओ’ अशा लांबवलेल्या, अर्थहीन हाकेत सारे श्रोते एका सुरात सामील होतात.