गव्हाचं बी घेताना तांबेरा विसरू नका

मैत्रिणींनो, गेल्या हंगामात गुंजवण्याच्या बैठकीत एका ताईंनी गव्हाचं पान रुमालात बांधून आणलं. रुमाल उघडला तर आत विटकरी पूड. "खत जास्त झालं का गं?" त्यांनी मला विचारलं. तो तांबेरा होता. बियाण्यासाठी त्यांनी गटातून कर्ज घेतलं होतं. दाणे निघाले चिमलेले. हप्ता मात्र चुकवला नाही, कोंबड्या विकून भरला.

तांबेरा ही बुरशी आहे. ती पूड म्हणजे तिचं बी, वाऱ्याबरोबर लांबून येतं. पानावर नारिंगी ठिपके दिसतात, काळा तांबेरा असेल तर खोडावर लांबट फोड येतात. झाडाचं अन्न बुरशी खाते, म्हणून दाणा भरत नाही.

मग कोणती जात टिकेल हे कसं कळतं? आपल्या शेजारच्या महाबळेश्वरला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं गहू गेरवा संशोधन केंद्र आहे. गेरवा म्हणजे तांबेराच. तिथली थंड, दमट हवा या बुरशीला मानवते. नव्या जातींच्या ओळी पेरतात, त्यांच्याभोवती लवकर रोग धरणारा गहू लावतात आणि मुद्दाम तांबेऱ्याची पूड पाण्यात मिसळून फवारतात. मग पान किती टक्के भरलं, फोड मोठे की बारीक, हे लिहून ठेवतात. एवढ्यातून जी तरते ती खरी.

पण बुरशीही रूप बदलते. काल टिकलेली जात उद्या पडू शकते, म्हणून ही परीक्षा पुन्हा पुन्हा घ्यावी लागते. आपल्याकडे घरोघरी असलेला लोक-१ तांबेऱ्याला लवकर बळी पडतो.

आता आपण काय करायचं?

• पाणी कमी असेल तर नेत्रावती, भात काढून पेरणीला उशीर होणार असेल तर फुले समाधान, या जातींबद्दल सहायक कृषी अधिकाऱ्यांना विचारा.
• एकदम सगळं रान बदलू नका. दोन गुंठ्यांत नवी जात, शेजारी घरची. दोन्हींचे दाणे वेगळे मोजा.
• युरिया जास्त टाकू नका.
• पानावर बोट फिरवा. पूड लागली तर लगेच कळवा, दुकानदाराच्या सांगण्यावरून फवारू नका.

बियाण्याची पावती आणि पिशवीवरची चिठ्ठी गटाच्या फाईलला लावा. कर्ज आपलं आहे, तर जातीचं नावही आपल्याला पाठ हवं.