फौजदारी वकिलाचं बळ कशात असतं?

सोनईच्या तिहेरी हत्याकांडाला एकही प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नव्हता. १ जानेवारी २०१३ रोजी मेहतर समाजातल्या तीन तरुण सफाई कामगारांना शौचालयाची टाकी साफ करण्याच्या निमित्तानं बोलावून घेतलं आणि त्यांतल्या एकाच्या प्रेमसंबंधाच्या आणि जातीच्या रागातून मारलं. मी सोनईचाच, वकिली नेवाशाला करतो. त्या खटल्यानं माझ्या व्यवसायाचं खरं बळ मला दाखवलं.

कुणी पाहिलेलंच नाही, तेव्हा उरतो परिस्थितीजन्य पुरावा. पुण्याच्या सारडा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८४ मध्ये त्याच्या पाच कसोट्या घालून दिल्या. सार एवढंच : प्रत्येक दुवा स्वतंत्रपणे सिद्ध व्हावा, साखळी कुठं तुटू नये आणि आरोपीच्या निर्दोषपणाला वाव देणारा दुसरा अर्थ त्यातून निघू नये. बोलावणं कुणी पाठवलं, शेवटचं सोबत कोण होतं, फोन कुणाकुणात झाले, मुद्देमाल कुठून निघाला, हे एकेक करून जोडावं लागतं. विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी ती साखळी न्यायालयापुढं उभी केली. नगर जिल्ह्याबाहेर नाशिकला चाललेल्या या खटल्यात जानेवारी २०१८ मध्ये सहा जणांना फाशीची शिक्षा झाली.

आमच्याच जिल्ह्यात खर्डा इथं २०१४ मध्ये एका दलित शाळकरी मुलाचा खून झाला. त्या खटल्यात साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ मध्ये सगळे आरोपी सुटले. साक्षीदार टिकले नाहीत, तर वकिलाच्या हाती काय उरतं, हे तिथं दिसलं.

पण सोनईच्या निकालाची दुसरी बाजूही मी आवर्जून सांगतो. सातव्या आरोपीला नाशिकच्या न्यायालयानंच सोडलं आणि पुढं मुंबई उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये शिक्षा कायम करताना आणखी एकाची निर्दोष मुक्तता केली. गावात संताप असताना प्रत्येक आरोपीविरुद्धचा पुरावा वेगळा काढून तपासायला लावणं, हे बचावाच्या वकिलाचं काम. 'असल्यांचं वकीलपत्र घेताच कसं?' असं लोक विचारतात. राज्यघटनेच्या २२व्या कलमानं अटकेतल्या माणसाला वकिलाचा हक्क दिला आहे. अमक्याचं वकीलपत्र कुणी घेऊ नये, असा ठराव वकील संघानंही करणं बेकायदा आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये ठणकावलं. मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यातल्या कसाबलाही वकील मिळाला, म्हणून बचावाची संधीच दिली नाही, असं त्या निकालाबद्दल म्हणता येत नाही. इंग्लंडात तर एकच बॅरिस्टर आज सरकारतर्फे आणि उद्या आरोपीतर्फे उभा राहतो.

खुनानंतरचं दुसरं क्षेत्र फसवणुकीचं. त्या खटल्यांत रक्त दिसत नाही, घरं मात्र उद्ध्वस्त होतात. पतसंस्था बुडाल्या की मुलीच्या लग्नासाठी, उसाच्या बिलातून साठवलेली ठेव जाते. ऑक्टोबर २०२३ मध्ये नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनं रद्द केला, तेव्हा अख्ख्या जिल्ह्यानं ही धास्ती अनुभवली. पतसंस्थेच्या घोटाळ्यात वकिलाला ताळेबंद, ठरावांचं बुक, तारणाचं मूल्यांकन आणि सह्या वाचता आल्या पाहिजेत. पैसा कुणाच्या खात्यातून कुठं गेला, हे त्याला न्यायाधीशांना सोपं करून सांगता आलं पाहिजे. बचावाच्या वकिलालाही नुसतं संचालक असणं आणि फसवणुकीत सामील असणं यांतला फरक दाखवावा लागतो. ठेवीदारांसाठी महाराष्ट्रात १९९९ चा कायदा आहे. त्याखाली संस्थेची आणि जबाबदार संचालकांची मालमत्ता जप्त करून ठेवी परत देता येतात.

तिसरं क्षेत्र शिस्तभंगाचं. डॉक्टरविरुद्ध महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडं, सनदी लेखापालाविरुद्ध त्यांच्या संस्थेकडं आणि आम्हा वकिलांविरुद्ध बार कौन्सिलकडं तक्रार होते. तिथं तुरुंग नसतो, पण वकिलाला १९६१ च्या अधिवक्ता कायद्यानुसार ताकीद, निलंबन किंवा सनद रद्द होणं, इथवर शिक्षा होऊ शकते. आयुष्यभराची कमाई पणाला लागते, म्हणून त्या व्यवसायाची रीतभात जाणणारा वकील इथं लागतो. ही व्यवस्था मला प्रिय आहे. दुसऱ्याला जाब विचारणाऱ्यालाही तिथं जाब द्यावा लागतो.

म्हणून वकील निवडताना त्याचा आवाज पाहू नका. तो तुमचे कागद पूर्ण वाचतो का, अडचणीचे प्रश्न विचारतो का आणि 'निकाल लावूनच देतो' अशी हमी देणं टाळतो का, हे पाहा. फसवणूक झाली असेल तर पावत्या, पासबुकं, मोबाइलवरचे संदेश जपून ठेवा. तक्रार नोंदवली की एफआयआरची प्रत मोफत मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे. आणि फी परवडत नाही म्हणून घरी बसू नका. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतले आरोपी यांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. १५१०० हा क्रमांक त्यासाठीच आहे.