शिसमाची पाठ, टोरेसचा घाट

चंद्रपूर-गडचिरोलीचं जंगल म्हटलं की साग आठवतो. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहून गेला तोही सागच. पण वाद्यं घडवणाऱ्याला विचाराल, तर तो याच जंगलातल्या शिसमाचं नाव घेईल. क्लासिकल गिटारची पाठ आणि बाजू बहुतेक वेळा याच जातीच्या लाकडाच्या असतात. १९६०च्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलनं आपल्या शिसमाचे ओंडके बाहेर पाठवणं थांबवलं आणि जगभरचे कारागीर भारतीय शिसमाकडे वळले. तो माल मुख्यतः दक्षिणेतून जातो, झाड मात्र आपल्याही रानातलं.

फळी चिरायची तऱ्हा तर बघण्यासारखी. एकाच फळीचे दोन पातळ पापुद्रे काढून पुस्तकाच्या पानांसारखे उघडायचे आणि कडेला कड चिकटवायची. डावीकडच्या रेषा उजवीकडे आरशातल्यासारख्या उमटतात. जाडी जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर. बाजूच्या पट्ट्या ओल्या करून तापलेल्या लोखंडी नळीवर हळूहळू वाकवतात. घाई केली की तडकल्याच!

आजच्या क्लासिकल गिटारचा घाट ठरवला तो स्पेनच्या अल्मेरियाजवळ जन्मलेल्या अंतोनिओ दे टोरेस (१८१७-१८९२) यांनी. तारेची ६५० मिलिमीटर लांबी आणि वरच्या तबलीच्या आतून पंख्यासारख्या पसरलेल्या सात पट्ट्या ही त्यांची पद्धत आजही कारागीर गिरवतात. १८६२ मध्ये त्यांनी एक अचाट प्रयोग केला. पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या केल्या, तबली तेवढी लाकडी ठेवली. आवाजाचा जीव तबलीत असतो, हे त्यांना दाखवायचं होतं. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. शिसमाचा कितीही अभिमान असला, तरी टोरेस यांचं हे म्हणणं मला पटतं.

जुन्या वाद्यावरून नवं घडवणं म्हणजे नुसती नक्कल नव्हे. म्युनिकचे गिटार-कारागीर हेर्मान हाउजर यांनी १९२४ मध्ये गिटारवादक आंद्रेस सेगोव्हिया यांची, रामिरेझ यांच्या कारखान्यातली १९१२ची गिटार पाहिली, मापं घेतली आणि पुढची कितीतरी वर्षं एकामागून एक गिटारी घडवल्या. १९३७च्या गिटारवर मात्र सेगोव्हिया फिदा झाले आणि पंचवीसेक वर्षं तीच वाजवत राहिले. आज या दोन्ही गिटारी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत.

तारांची गोष्ट त्याहून गमतीची. दुसऱ्या महायुद्धापर्यंत त्या जनावरांच्या आतड्याच्या असत. नंतर न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनच्या तारा केल्या आणि सेगोव्हियांनी त्या उचलून धरल्या.

आपल्याकडे गोंडांच्या वंशगाथा गाणाऱ्या परधानांची किंगरी तीनच तारांची, गजानं वाजणारी. तिच्या जुन्या नमुन्यांची मापं कुणी हाउजरच्या चिकाटीनं घ्यायला हवीत, असं फार वाटतं.

आणि मिरज? तिथली सतार, तानपुरा २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनाचे मानकरी ठरले. सतारीला लागणारं तून आणि क्लासिकल गिटारच्या दांडीला लागणारा स्पॅनिश सीडर ही दोन्ही झाडं एकाच कुळातली, आपल्या दारातल्या कडुनिंबाच्या!