यादीत 9 च्या आधी 12 का येतो?

कापडाच्या धंद्यात वहीची जागा संगणकाने घेतली, पण आपली नजर अजून वहीचीच आहे. शेवटच्या ओळीत असेल ते सर्वांत ताजे, असे आपण धरून चालतो. ही समजूत आम्हाला एकदा महाग पडली.

दुकानाच्या हिशेबाचा बॅकअप आम्ही रोज रात्री घेत असू. नावे 'हिशेब1', 'हिशेब2' अशी. एके दिवशी संगणक बिघडला. मुनीमजींनी यादीतली शेवटची प्रत पुन्हा चढवली. ती 'हिशेब9' होती! 10, 11 आणि 12 या प्रती वर, 'हिशेब1' च्या खाली होत्या. दोन दिवसांनी एक गिऱ्हाईक पैसे द्यायला आले, तर त्यांच्या नावावर उधारीच नाही. तोवर नवी बिले चढली होती. तीन दिवसांच्या नोंदी बिलबुकांवरून पुन्हा कराव्या लागल्या.

असे का होते? आपण 'हिशेब12' मध्ये बारा वाचतो; सॉफ्टवेअर पुष्कळदा तो नुसता मजकूर समजते. शब्दकोशाप्रमाणे ते डावीकडून एकेक अक्षर पाहते. 1 हा 9 च्या आधी, म्हणून 12 देखील 9 च्या आधी. पुढचा 2 पाहण्याची वेळच येत नाही.

उपाय सोपा आहे. क्रमांक 001, 002 असे सारख्या लांबीचे ठेवावेत. तारखेचेही तेच. मजकूर म्हणून लावल्यास 05-12-2023 ही तारीख 28-01-2023 च्या आधी येते. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने 2023-12-05 असे लिहिले की यादी बरोबर लागते.

नेटवर्कमधील संगणकांच्या आयपी पत्त्यांत मात्र शून्ये भरू नयेत. तेथेही 192.168.1.10 हा पत्ता 192.168.1.9 च्या वर दिसू शकतो. पण काही प्रोग्राम शून्याने सुरू होणारा आकडा आठाच्या पाढ्याने मोजतात; त्यांना 010 म्हणजे 8 वाटतो आणि हुकूम भलत्याच यंत्राला जातो. पत्त्याचे चारही भाग आकडे म्हणून लावायला सॉफ्टवेअरवाल्यालाच सांगावे.

व्यापारी बांधवांनी एवढे ध्यानात ठेवावे: बॅकअप चढवण्यापूर्वी ओळीची जागा पाहू नका, तारीख व वेळ वाचा. आणि चालू हिशेबाची एक प्रत आधी बाजूला काढून ठेवा.