उडी मारलेला मावळा खाली का येतो?

वेल्ह्याहून तोरणा चढताना मुलं या दगडावरून त्या दगडावर उड्या मारतात. तोच खेळ त्यांना संगणकावर रचता येतो, अमेरिकेतल्या एमआयटीत जन्मलेल्या ‘स्क्रॅच’ या मोफत प्रोग्रॅमिंग-साधनात. पण पडद्यावर गुरुत्वाकर्षण नसतं. मावळ्याचं चित्र हवेत सोडलं, तर तिथंच लटकतं! ओढ मुलांनीच निर्माण करायची.

त्यासाठी ‘वेग’ नावाचा आकडा ठेवतात. बटण दाबलं की वेग १२. सेकंदाला साधारण ३० वेळा मावळा वेगाइतका वर सरकतो आणि वेगातून १ वजा होतो, खाऊच्या पैशांतून रोज रुपया घटावा तसा. शून्यावर मावळा सर्वांत उंच. पुढे वेग उणे, म्हणून तो खाली, तेही अधिकाधिक जोरात.

खडक तपकिरी रंगवा. पाय त्या रंगाला टेकले की वेग शून्य. ही सूचना आधी मुद्दाम देऊ नका. मावळा खडकातून आरपार पडला की तिची गरज मुलांना आपोआप कळते.

बारापासून एकपर्यंतची बेरीज ७८, हीच उडीची उंची. कडा त्याहून उंच असेल, तर मावळा पोचणार नाही. भोरच्या रोहिड्यासाठी उंच कडे हवेत? दर वेळी अर्धाच वजा करा, तीच उडी १५०पर्यंत जाईल.