नाताळचा तारा किती वीज खातो?

नाताळच्या दिवसांत बेळगाव-निपाणी भागातील आपल्या कित्येक घरांवर कागदी तारा झळकत असतो. बिल वाढेल या धास्तीने वडीलधारी मंडळी तो जेवणे आटोपताच मालवितात; आणि त्याच घरी पाणी तापविण्याचा गीझर सकाळी तासभर चालू असतो! वॅट आणि युनिट यांतील भेद ध्यानी न आल्याने असे घडते.

वॅट म्हणजे नळाची धार, तर युनिट म्हणजे भरलेली घागर. दिव्यावरील वॅटचा आकडा तो किती वेगाने वीज ओढतो एवढेच सांगतो. त्यास जळलेल्या तासांनी गुणावे व 1000 ने भागावे, म्हणजे युनिटे निघतात.

आता ताऱ्याचा हिशेब मांडू. 24 डिसेंबर ते 6 जानेवारी, म्हणजे 14 रात्री, रोज 12 तास. एकूण 168 तास. ताऱ्यात 60 वॅटचा जुना बल्ब असेल तर 10 युनिटांहून किंचित अधिक वीज लागते. 9 वॅटच्या एलईडी दिव्यास अवघी दीड युनिट लागते. तेवढी वीज दोन हजार वॅटचा गीझर पाऊण तासात संपवितो.

हा हिशेब क्षुल्लक नव्हे. कर्नाटकात 2023 साली सुरू झालेल्या गृहज्योती योजनेत मागील सरासरीवरून ठरलेली वीज घरगुती ग्राहकास मोफत मिळते. त्याहून अधिक, परंतु 200 युनिटांच्या आत वापर झाला, तर वरच्या युनिटांचेच पैसे पडतात. 200 ओलांडली की त्या महिन्याचे सारे बिल भरावे लागते. डिसेंबरात इतर वापर 195 युनिटांवर आलेल्या घरी जुन्या बल्बाच्या आठ रात्रींची पावणेसहा युनिटे तेवढ्यास पुरतात. एलईडीने एक युनिटही भरत नाही.

घरातील दिव्यांचेही तसेच. 60 वॅटचे चार बल्ब रोज पाच तास जळल्यास महिन्याला 36 युनिटे होतात. 9 वॅटचे चार एलईडी साडेपाचाच्या आत राहतात.

निपाणीहून कागलास गेले की राज्य बदलते, वीज कंपनी व दरही बदलतात. युनिट मात्र तेच. बिलावरील लिपी वाचता येवो वा न येवो, मीटरवरील आकडे सर्वांस वाचता येतात. महिन्याच्या पहिल्या तारखेस तो आकडा भिंतीवरील दिनदर्शिकेत लिहून ठेवावा व पंधरवड्याने पुन्हा पाहावा. वजाबाकी शंभराच्या पुढे गेली असेल, तर आधी गीझर बंद करावा, तारा नव्हे.