ओझरची धावपट्टी आणि भोवतालची गावे

नाशिकजवळ ओझर येथे 1964 साली मिग विमानांचा कारखाना स्थापन झाला, तेव्हापासून विमानांचा आवाज परिसरातील द्राक्षबागांना परिचित आहे. मात्र तो सर्व गावांना सारखा पोहोचत नाही. विमाने वाऱ्याला सामोरी जाऊन उतरतात व झेपावतात. येथील धावपट्टी पूर्व-पश्चिम असल्याने पश्चिमेचा वारा असता ती निफाडच्या अंगाने खाली येतात. उड्डाणाचा कर्कश आवाज दिंडोरीकडील गावांना सोसावा लागतो. वारा फिरला की क्रमही फिरतो. धावपट्टीपासून चार किलोमीटरवर उतरते विमान जेमतेम 200 मीटर उंचीवर असते. घारींसारखे पक्षी धडकण्याचा धोका याच उंचीवर अधिक. म्हणूनच विमानतळाच्या 10 किलोमीटर परिघात उघड्यावर कचरा टाकण्यास मनाई आहे. उंच बांधकामासाठीही ना-हरकत दाखला आधी घ्यावा लागतो.